मामाच्या बोटीवर केळं कुणी आणलं?

९ जुलै, पहाटे

डायरी लिहायचं ठरवलंय. कॅप्टन लोक नोंदी ठेवतात, आणि सप्टेंबरपासून मी कॅप्टन होणार.

काल ऑर्व्हिलमामाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणाला, "क्लेट, माझी कंबर गेली. या पहाटेच्या फेऱ्या आता माझ्याच्याने होत नाहीत. ऑगस्टअखेरच्या मासेमारी स्पर्धेपर्यंत धड काम करून दाखवलंस तर बोट तू चालव. नाहीतर दुसरं कुणीतरी बघतो." 'नाहीतर'च्या पुढचं मी नीट ऐकलं नाही. गरजच नाही. परवान्याची परीक्षा मी गेल्या वर्षीच पास झालोय. तिसऱ्या खेपेला.

बोटीचं नाव 'सेकंड वाईफ'. हौशी गिऱ्हाइकांना सरोवरात मासे धरायला नेते. मामी सोडून गेली त्याच महिन्यात मामाने घेतली.

आजचा संकल्प: खोड्या कायमच्या बंद. कॅप्टनला शोभत नाहीत.

९ जुलै, दुपार

एकच खोडी केली. गिऱ्हाइकांच्या डब्यांवर मार्करने मिशीवाला मासा काढला. ती खोडी नाही म्हणा, माझी सही आहे. पोर्ट हेडविगच्या धक्क्यावर एक खांब तिच्यावाचून नाही. शाळेने मला एवढं एकच दिलं.

१२ जुलै

शेजारी आर्डिसबाईंची बोट लागते, 'मिस ट्युलिप'. आज त्यांची बर्फाची पेटी सॅमन आणि ट्राउटने अशी भरली की झाकण बसेना. आम्हाला एक ट्राउट. गिऱ्हाईक म्हणालं, याचा फोटो काढायला भिंग आणू का.

सरोवर तेच. सकाळ तीच. गळाला लावायचे चमकते पत्रेही तेच, एकाच दुकानातले. मग मासे त्यांनाच कसे? संशयास्पद.

त्यांच्या डेकवर काम करणारी दोन वेण्यांची सोल्वे, म्हणजे बाईंची भाची, माझ्याकडे बघून हसली. एक तर माझ्यावर लट्टू आहे, नाहीतर हेर आहे. दोन्हीही असेल. म्हणून अख्खी सकाळ मी दुर्बीण लावून त्यांच्या बोटीवर नजर ठेवली. मामा आपला ओरडतोय, "क्लेट, गळ वर घेऊन बघ! शेवाळ अडकलं असेल!" मी म्हटलं, बघितले.

बघितले होते. बंदरातून निघताना.

१५ जुलै

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

बोटीवर केळं म्हणजे सत्यानाश, हे या सरोवरावर शेंबड्या पोरालाही कळतं. केळं चढलं की मासे पळतात, इंजिन रुसतं, दोऱ्यांच्या गाठी होतात. मागे एका पाहुण्याच्या पिशवीत केळं निघालं, तर मामाने भर सरोवरातून बोट माघारी फिरवली. त्याला धक्क्यावर उतरवलं, समोर उभं राहून केळं खायला लावलं, साल हातात दिली आणि मगच परत चढू दिलं.

तर आज आर्डिसबाई टेबलावर मासे साफ करत होत्या, सोल्वे डिझेल आणायला गेलेली. मी 'मिस ट्युलिप'वर चढलो. त्यांच्या खुर्चीवरच्या निळ्या गादीची चेन उघडली, फोमच्या मधोमध तीन केळी कोंबली, चेन बंद. केळी ब्रेडच्या पिशवीत, आणि पिशवीवर मिशीवाला मासा. आपल्या कामावर आपली सही पाहिजेच.

हे खोडीत धरत नाही. ही युद्धनीती.

१६ जुलै

आर्डिसबाई आमच्या बोटीवर आल्या! एका हातात चेरी भरून भाजलेला गोल 'पाय', दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी मोठं. मला म्हणाल्या, "काय रे मिशीवाल्या, आज कुणाची वाट लावलीस?" मी हसून वेळ मारून नेली. मग मामाला म्हणाल्या, "ऑर्व्हिल, बिनगादीच्या फळीवर बसून कंबर जाईल नाही तर काय होईल? अक्कल तेवढी वापरत जा." मामा ऐकून चक्क लाजला. मामाला लाजताना मी पहिल्यांदा बघितलं. त्या 'पाय'मध्ये काही घातलं असणार. मी चार तुकडे खाऊन तपासलं. तसं काही आढळलं नाही.

त्या गेल्या तर मामाच्या खुर्चीवर सूर्यफुलांची गादी. मामा म्हणाला, "तिने खोळ शिवलीय रे. हाताने." मला आलाच संशय. गादी दाबून बघितली. सुई नाही, मायक्रोफोन नाही. मधोमध जरा गुबगुबीत लागलं. भारीतला फोम असणार.

बाईंची गादी निळी होती, ही सूर्यफुलांची. तेव्हा तो प्रश्नच निकालात.

२१ जुलै

'मिस ट्युलिप'ची पेटी आजही फुल्ल. आमची रिकामी. केळी लागू पडायला वेळ लागत असेल. पिकावी लागत असतील.

बोटीवर चिलटं आली आहेत. पाण्यावर इतक्या आत चिलटं येतात कुठून? आणि गोडसर वास. मामाला विचारलं तर म्हणतो, "डेक कोण धुतं? तू. मग मला काय विचारतोस?"

माझा निष्कर्ष: आमच्याच बोटीवर कुणीतरी केळं आणतंय. किती नीच माणूस असेल!

२३ जुलै

आजपासून बोटीवर चढताना प्रत्येक पाहुण्याची झडती. मिलवॉकीचे दातांचे डॉक्टर आले होते सहकुटुंब. डॉक्टरच्या पिशवीत केक सापडला, आत केळं असल्याचा दाट संशय. पाण्यात टाकला. गाजराचा निघाला. त्याच्या बायकोच्या सनस्क्रीनला केळ्यासारखा वास येत होता, तेही जप्त केलं. दुपारपर्यंत डॉक्टरीणबाईंचं नाक उन्हाने टोमॅटो. जाताना मामाला म्हणाल्या, "तुमच्या पोराला दाखवा कुणाला तरी." मामा म्हणाला, "माझं नाही हो, बहिणीचं आहे." इतकं पटकन म्हणाला!

मासे: शून्य. त्या नवऱ्याने तेवढ्यात माझे दात बघितले आणि मान हलवली. तेही संशयास्पद.

२७ जुलै

बंदरावरच्या बारमध्ये दर शुक्रवारी तळलेले मासे असतात, ते खायला गेलो. (आमच्याकडे नव्हतेच.) मामा इस्त्रीचा शर्ट घालून आर्डिसबाईंच्या टेबलावर. डोक्याला डोकं लावून कुजबुज. मला बघून दोघं गप्प. मामा बोट विकतोय! माझी बोट! माझ्या नाकासमोर! शिवाय बाईंनी त्याच्या ताटातला बटाटा न विचारता उचलला. धंद्याच्या बोलण्यात असं कोण करतं?

सोल्वे स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हटलं, लट्टूच. तर म्हणते, "क्लेट, एक सांगू? तुमच्या गळांवर शेवाळाच्या दाढ्या लोंबत असतात. मासा कशाला तोंड लावेल? दर थोड्या वेळाने वर घेऊन साफ कर ना. आम्हाला दुर्बिणीतून दिसतं."

सापडली! म्हणजे तेही आमच्यावर दुर्बीण लावतात! भर बारमध्ये कबुलीजबाब. मी म्हटलं, "कशाला बघता गं आमच्याकडे?" तर म्हणते, "तू बघतोयस का ते बघायला."

शेवाळाची युक्ती मी ओळखली. आम्ही गळ वर घ्यायचे, आणि तेवढ्यात यांनी खालचे मासे न्यायचे. क्लेट इतका येडा नाही. आता तर गळ अजिबात वर घेणार नाही.

३ ऑगस्ट

चिलटं वाढली. एक चमत्कारिक गोष्ट लक्षात आली: ती बोटीवर नसतात, मामावर असतात. मामा उठून पुढे गेला की ढग पुढे, मागे आला की ढग मागे. आज वाणसामानाच्या दुकानातही त्याच्या मागच्या बाजूला घिरट्या घालत होती. पँटवर तपकिरी डागही आहे. बिचारा. वय झालं की माणसाचं होतं असं. बोलायचं कसं? त्याच्या डब्यात गुपचूप साबण ठेवला. साबणावर मिशीवाला मासा काढला, म्हणजे कुणी प्रेमाने दिलाय ते कळेल.

मामा दिवसभर माझ्याशी बोलला नाही. कृतज्ञतेने शब्द फुटत नसतील.

११ ऑगस्ट

आज बोट उभी आडवी तपासली. इंजिनाचं झाकण, बर्फाची पेटी, लाइफ जॅकेटं, संडास. केळं नाही. माझं जूनमधलं सँडविच सापडलं. मामाची खुर्ची तेवढी राहिली, कारण मामा तिच्यावर बसून होता आणि म्हणत होता, "शोध, शोध. बोटीवर केळं निघालं तर आणणाऱ्याला सालीसकट खायला घालीन." मी म्हटलं, "मामा, तू फक्त धर, भरवतो मी."

आमच्यात असं एकमत कित्येक दिवसांनी झालं. बरं वाटलं.

२४ ऑगस्ट

उद्या स्पर्धा. अख्खं बंदर पताकांनी भरलंय. मामाने सकाळी जवळ बोलावून सांगितलं, "उद्या एकच काम. डोळे गळावर. मासा लागला की जाळं तुझं. बाकी काही बघू नकोस." मी म्हटलं, "मामा, तू निश्चिंत बस." मामा बसला. काहीतरी पचकन वाजलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि सभ्यपणे विषय बदलला.

कॅप्टन लोक धक्का सोडताना दोन बोटं टोपीला लावतात, ते आरशासमोर करून बघितलं. छान दिसतं.

संकल्प: उद्या दुर्बीण फक्त गळ्यात. डोळ्यांना नाही.

२५ ऑगस्ट, दुपार

लिहिवत नाहीये, पण नोंद म्हणजे नोंद.

पाणी काचेसारखं होतं. दातांचे डॉक्टर परत आलेले, या वेळी बायकोविना. मी दुर्बीण जेमतेम एकदा लावली. जरा लांबलेलं एकदा. तेवढ्यात मामा स्वतः उठला, कंबर धरत मागे आला आणि एकेक दोरी वर घेऊन शेवाळ काढलं. बादलीभर निघालं. माझ्याकडे बघितलं आणि बादली माझ्या पायाशी ठेवली.

गळ परत पाण्यात गेले न गेले तोच एका गळाचा दांडा वाकला. असा वाकला की टोक पाण्यात! दोरी सणसणत बाहेर. डॉक्टर ओरडतोय, मामा ओरडतोय, "हळू! हळू घे! दमू दे त्याला!" मासा बोटीजवळ आला. रुपेरी सॅमन, माझ्या मांडीएवढा. स्पर्धा आमचीच होती. मामा ओरडला, "क्लेट, जाळं!" आणि सुकाणू धरायला पळत जाऊन धपकन खुर्चीवर बसला.

गादीची चेन फुटली.

जे बाहेर आलं त्याचं वर्णन डायरीत नको. काळपट, पातळ, आणि चिलटांचा असा लोट की डॉक्टरने तोंडावर हात धरला. त्या लगद्यात ब्रेडची पिशवी. पिशवीवर मासा. माशाला मिशी.

मी बघतच राहिलो. जाळं हातात, डोळे पिशवीवर. मागे टप्प आवाज झाला. दोरी सैल. सॅमन गेला.

मामा उठला. दोन बोटांनी पिशवी उचलून म्हणाला, "मिशी ओळखीची वाटते."

मी म्हटलं, "कुणीतरी माझ्या सहीची नक्कल केलीय, मामा."

मामा कितीतरी वेळ कधी माझ्याकडे, कधी त्या लगद्याकडे बघत होता. सालीसकट खाऊ घालायचं त्याच्या मनात होतं, दिसत होतं. पण साल कुठली आणि केळं कुठलं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. वाचलो.

२६ ऑगस्ट

सगळं बाहेर आलं. मामा आणि आर्डिसबाई ऑक्टोबरमध्ये लग्न करणार. त्या दिवशी बाईंनी मामाच्या कंबरेसाठी स्वतःची गादी काढून आणली होती, वर नवी खोळ चढवून. मामा सबंध उन्हाळा माझ्याच केळ्यांवर बसला होता.

मी बाईंना म्हटलं, माफ करा. त्या म्हणाल्या, "अरे, माझ्या गादीत ठेवलीस आणि माझ्याच नवऱ्याखाली निघाली. लग्नाचा आहेर समजते. पण बोटीचं नाव आजच खरवडून काढायचं. दुसरी बायको आता मी."

बोट सोल्वे चालवणार. ते 'दुसरं कुणीतरी' म्हणजे ती. मी डेकवर आहे तिथेच. अट एकच, दुर्बीण मामाकडे जमा. मामाने ती कडीकुलपात ठेवली आणि म्हणाला, "आणि गादीचा दर आठवड्याला वास घेऊन बघीन."

मी नाव खरवडतोय. 'वाईफ' गेलं, 'सेकंड' उरलंय. ते वाचून येणारा-जाणारा माझ्याकडेच का बघतो?

१ सप्टेंबर

कॅप्टन सोल्वेबरोबर पहिली फेरी. टोपीला दोन बोटं लावली तिने. माझ्याइतकं जमलं नाही.

हसली नाही. एवढंच म्हणाली, "क्लेट, शेवाळ काढ." काढलं. मासा लागला. म्हणाली, "परत काढ." काढलं. आणखी एक लागला. सकाळ संपेपर्यंत पेटीचं झाकण बसेना. मी म्हटलं, "बघितलंस? केळी गेली आणि मासे आले." ती म्हणाली, "हो रे बाबा, केळीच. तू आपलं शेवाळ काढत राहा."

योगायोग असणार.

भूक लागली म्हणून डबा काढला. झाकणावर कुणीतरी मार्करने मासा काढलाय. मिशी नाही, दोन वेण्या आहेत. आत सँडविच नव्हतं. शेवाळ होतं, दाबून भरलेलं, मीच सकाळभर काढलेलं.

माझा संशय मामावर आहे.