हुंकाराची जागा

नेवासा,
शुक्रवार, २४ जानेवारी १९९७

चि. अनन्या,

तुला आणि जावईबापूंना माझे आशीर्वाद. आम्ही दोघं बरी आहोत. बाबांचा खोकला थंडीचा आहे, थंडीबरोबर जाईल असं डॉक्टर म्हणतात. तिळगुळाची पुडी नाशिकला पोचली का? यंदा पाक जरा पुढे गेला, वड्या कडक झाल्या. दाताला जपून.

तुझं पत्र संक्रांतीच्या आधीच मिळालं. 'त्या दुपारी काय झालं ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. सांगशील तेव्हाच मी नेवाशाला येईन.' एवढंच लिहिलं होतंस. ते मी देवामागे ठेवलं आहे. उत्तर लिहिते. त्याआधी इकडची थोडी हकिगत.

आपल्या कॉलनीची आणि मागच्या भीमनगरची नळावरची भांडणं तुला आठवत असतील. गेल्या उन्हाळ्यात ती पोलीस चौकीपर्यंत गेली. मग वृषालीनं एक नवीनच प्रकार सुरू केला. वृषाली म्हणजे भीमनगरातल्या आक्काबाईंची सून, बालवाडी चालवते. दोन्हीकडच्या बायकांना म्हणाली, "बोलून लई झालं. आता आठवड्यातनं एकदा ऐकू." तेव्हापासून दर बुधवारी, दुपारची जेवणं उरकली की, आम्ही समाजमंदिरात सतरंजीवर गोल करून बसतो. एकीनं गोष्ट सांगायची, ऐकलेली किंवा स्वतःची. तिच्यासमोर एकीनं हुंकाराला बसायचं, लहान मुलं गोष्ट ऐकताना 'हं' म्हणतात तसं 'हं' म्हणत राहायचं. बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. आणि गोष्ट संपल्यावर कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही.

"सल्ला न्हाई द्यायचा? मंग आमी आलो कशाला?" असं चांगुणा पहिल्याच दिवशी म्हणाली. चांगुणा म्हणजे आपल्याकडे दूध घालते ती.

एकदा हुंकाराला तीच बसली होती आणि सांगायला भीमनगरच्या रंगुबाई. रंगुबाईंनी सुरुवात केली, "एक हुती बाई. तिनं नळावर दुसरीची पितळंची घागर मुद्दाम आपटली." चांगुणानं ओठ आवळले. घागर तिचीच होती, माहेरची. पण नियम म्हणजे नियम. "हं," ती म्हणाली.

"आन् वर म्हनली, मी न्हाई फोडली, घागरच फुटकी हुती."

"हं!" हा हुंकार रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल.

"आन् घरी जाऊन तिला झोप लागली न्हाई."

 आम्ही सगळ्या चांगुणाच्या तोंडाकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "हं. लागली नसंलच. लई जड घागर हुती ती." यावर जे हसू फुटलं, ते रंगुबाईंनाही आवरेना. आता नळावर त्या एकमेकींचा नंबर धरतात.

मी मात्र बहुतेक वेळा हुंकारालाच बसते. सांगायची वेळ आली की म्हणते, पुढच्या बुधवारी. कॉन्व्हेंटमध्ये आम्हांला सिस्टर शिकवायच्या, पाठ ताठ, हात मांडीवर, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं. ते इतक्या वर्षांनी उपयोगी पडतं आहे. "काकू म्होरं बसल्या की आपसूक बोलावंसं वाटतं," असं रंगुबाई म्हणतात. मला बरं वाटतं. रडू आलं तर चॅपेलमध्ये जाऊन डोळे मिटून बसायचं, कोणाला दाखवायचं नाही, हेही मी तिथंच शिकले. तिथल्या निळ्या काचेतून येणारा उजेड मला अजून दिसतो.

परवाच्या बुधवारी बायडाबाई म्हणून एक नवीन बाई आल्या. त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. आक्काबाईंना विचारलं, लेकरं किती? "पाच," आक्काबाई म्हणाल्या. "तीन हायेत, दोन गेली." इतकं सहज म्हणाल्या, की जणू ती दोघं शिकायला परगावी गेली असावीत. मग बायडाबाई माझ्याकडे वळल्या. "काकू, तुमाला नातवंडं?"

मी म्हणाले, नाही.

बाबा हाक मारताहेत. पत्र उद्या पुरं करते.

*

नेवासा,
गुरुवार, ३० जानेवारी १९९७

अनन्या,

आधीचं पत्र मी पुरं केलं नाही आणि टाकलंही नाही. आता ते याच पाकिटात घालते आहे. घागरीपासून खोकल्यापर्यंत सगळं लिहिलं आणि ज्याच्याबद्दल तू विचारलंस त्याचं नाव कुठंच लिहिलं नाही, हे तू बघावंस.

गंधार.

घरात हे नाव घ्यायचं नाही असं बाबांनी आणि मी ठरवलं होतं. तुझ्यासाठी. तू येणार असलीस की त्याचे फोटो कपाटात जायचे. एसटीडीवरून फोन केला की आपण हवेबद्दल बोलायचो, पाण्याबद्दल बोलायचो, मग दोघीही गप्प आणि समोर मीटर पळत असायचं. तुला त्रास नको, एवढंच आमच्या मनात होतं. आम्ही त्याला विसरलो, असं तुला वाटलं असेल.

बायडाबाईंना म्हटलेलं ते 'नाही' माझ्या घशाखाली उतरेना. काल बैठकीत मी वृषालीला म्हटलं, आज मी सांगते.  आक्काबाई उठल्या आणि माझ्यासमोर, माझ्या नेहमीच्या जागी, येऊन बसल्या.

मी तोंड उघडलं, पण शब्द येईना. बाहेरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते, ते गेले.  आता उठून घरी जावं असं वाटत होतं, तेवढ्यात आक्काबाई म्हणाल्या, "हं."

मी एक अक्षर बोलले नव्हते, अनन्या. तरी त्यांनी हुंकार दिला. थोड्या वेळानं पुन्हा दिला. मग मी सांगायला लागले.

मी सांगितलं, की मला एक नातू होता, गंधार, साडेचार वर्षांचा. तो आजोबांच्या चपला घालून फाटकापर्यंत जायचा आणि तिथून ओरडायचा, "मी बँकेत चाललो, डबा द्या." मेथीच्या भाजीला तो गवत म्हणायचा आणि तरी दोनदा मागून घ्यायचा. गेल्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला, नाशिकच्या दवाखान्यात ठेवलं, हेही सांगितलं. त्या दुपारपाशी आले आणि थांबले. म्हटलं, "याच्या पुढचं आधी माझ्या लेकीला सांगायचं आहे. ते तिचं आहे."

रंगुबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "मंग हितं कशाला बसलाय? जावा की लिवायला!"

"सल्ला द्यायचा न्हाई, रंगे," आक्काबाईंनी दटावलं. रडता रडता सगळ्या हसल्या. मी घरी आले.

तर ती दुपार.

तू खाली औषधं आणायला गेलीस. त्याला जरा बरं वाटत होतं. त्यानं गोष्ट मागितली. मी रचून रचून चष्मा हरवलेल्या उंटाची सांगायला लागले. तो कसा ऐकायचा ते तुला माहीत आहे, डोळे मिटून, पण 'हं' म्हणत. 'हं' थांबला की झोपला असं समजून आपण दोघी उठायचो. उंट बाजारात पोचला तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "आजी, आई आली की पहिल्यापासून सांग. तिला उंट माहीत नाहीये."

हे त्याचं शेवटचं बोलणं. त्यानंतर एक-दोनदा 'हं' म्हणाला. मग म्हणाला नाही.

मी गोष्ट थांबवली. चादर नीट केली, पंखा हळू केला. त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होता. तू जिना चढून आलीस, दारातूनच विचारलंस, "झोपला?" मी म्हणाले, "हो."

मला खरंच तसं वाटलं होतं गं. तो घाबरला नव्हता, त्यानं तुला हाक मारली नाही, तडफडला नाही. तू विचारलं होतंस त्याचं उत्तर एवढंच आहे. पण जे मला सांगवत नव्हतं ते हे, की त्या वेळी मी आनंदात होते. इतक्या दिवसांनी त्याला शांत झोप लागली, ती माझ्या गोष्टीनं लागली, याचा मला आनंद झाला होता. तू दारात उभी होतीस आणि मी तुझ्याकडे बघून हसले होते. तुला ते हसू आठवत असेल. ते कशाचं होतं, हे तू मला कधी विचारलं नाहीस. त्यानंतर कालपर्यंत मी कोणालाच गोष्ट सांगितली नाही.

पत्र इथवर आलं तेव्हा बाबांना वाचून दाखवलं. नाव आलं तिथं त्यांनी डोळ्यांवर हात ठेवला.  मग म्हणाले, "फाटकापर्यंत नाही. थेट रस्त्यापर्यंत जायचा. मी मागं पळायचो. नीट लिही." तर तेवढं दुरुस्त करून वाच. मग उठून त्यांनी कपाटातला फोटो काढला, पुसला आणि पुढच्या खोलीत टेबलावर ठेवला. तो आता तिथंच राहील.

तू माझ्यावर रागवून ये. न बोलता ये. मला काही विचारू नकोस, नाही तर सगळं पुन्हा विचार. पण ये. तुला उंट माहीत नाही आणि ती गोष्ट तुला पहिल्यापासून सांगायची असं त्यानं मला सांगून ठेवलं आहे. ती मी पत्रात लिहिणार नाही.

तुझी आई,
गंधारची आजी