सांभाळणारीचा रकाना

आई, आज झरी गावात एका म्हातारीच्या अंगणात बसले आणि महिनाभर खपून तयार केलेल्या माझ्या मसुद्यात माझ्याच हातानं खाडाखोड केली. माझं काम तुला ठाऊक नाही, म्हणून सांगते. संगणकावर एखादी व्यवस्था उभी करायची असली की आधी लोकांना काय हवं ते विचारून लिहून काढायचं. बांधणारे मग तेवढंच बांधतात. आत्ताची व्यवस्था शेळ्यांच्या लसीकरणाची. तारीख ठरली की मालकाच्या फोनवर निरोप जाणार. मी पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांना विचारलं, जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. शेळ्या राखणाऱ्यांकडे सगळ्यात शेवटी गेले, तेही लिहिलेलं तपासून घ्यायला. दीडशहाणी कुठली.

म्हातारीला मालकाचं नाव विचारलं तर ती म्हणाली, "मालकीण पिंगळीला हाय, बाई. माज्याकडं अर्धलीनं हायत. लस येऊन गेल्यावर कळतंय मला."

अर्धल म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगायला हवं होतं का? शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, पिल्लं निम्मी निम्मी. तू जन्मभर तेच केलंस. मी सातवीत असताना लसीचा सांगावा असाच मालकाच्या घरी गेला आणि आपल्याकडची तांबडी शेळी दगावली. तू रडली नाहीस. पुढच्या खेपेला लसवाले आले, वही उघडून मालकाचं नाव विचारू लागले, तेव्हा तू हातातला पाला खाली टाकलास. "शेळी कुणाची ते मागून लिवा. पाला कोण टाकायलंय ते आदी पुसा." ते हसतात. मी दाराआड उभी आहे आणि मला तुझीच लाज वाटते आहे.

आज म्हातारीच्या अंगणातच मी मालकाच्या नावाखाली दुसरा रकाना आखला : सांभाळणारी व्यक्ती, तिचा फोन. निरोप दोघांना. साहेबांना फोन केला. ते जरा कुरकुरले, मग म्हणाले, घाला. पुढच्या लसीआधी म्हातारीचाही फोन वाजेल. मला लय बरं वाटतंय, आई.

फक्त एक राहिलं. पहिल्याच बैठकीत साहेबांनी विचारलं होतं, मालकाशिवाय आणखी कुणी असतं का? मला माहीत होतं. पण समोर एवढी शिकलेली माणसं बसलेली, आणि मी म्हणाले, नाही. हे मी म्हातारीला सांगितलं नाही, साहेबांनाही सांगणार नाही. तू आता नाहीस, हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणूनच इथं लिहिते आहे.