तांबड्या मुंगळ्यांचं प्रकरण

५ मार्च २०२५, बुधवार
मैना परत आली! कादंबरीच्या पान एकसष्टवर. आतापर्यंत तीनदा हाकलली तिला. या वेळी तर मुलगाच केला, नाव विनीत ठेवलं, नाकावर चष्मा दिला—तरी तोंड उघडलं की बोलतो, "गो, तोंड मीट, नायतर जिभेला डसंल." मुलगे एकमेकांना "गो" म्हणतात का कधी!

चव्वेचाळीस वर्षांची मी, महाडच्या शाळेत मराठी शिकवते, आणि पोरांसाठी विनोदी कादंबरी लिहितेय. विषय काय, तर किडे खाणारी टोळी. नाकतोड्याची भजी, वाळवीची भेळ. हौस दांडगी!

७ मार्च
चारुलताताईंचा पुण्याहून फोन. पुस्तक त्या छापणार आहेत. "बिल्किसताई, मुंगळ्यांचं प्रकरण सगळ्यात भारी! तिथे अजून हसवा. खरंच घडलंय का हो असं?"
"छे! मनानं रचलंय," म्हटलं. रमजानच्या महिन्यात, रोजा असताना.

११ मार्च
पाचवीला ते प्रकरण वाचून दाखवलं. पोरं बाकावर लोळली. मी हसले नाही, मला हसू येईना. मदिहानं हात वर केला. "बाई, मुंगळे खायला देणारा विनीत नंतर दिसतच नाही. कुठे गेला तो?"
"गावाला गेला."
"का?"
घंटा झाली. वाचले.

१२ मार्च
स्वयंपाकघरात पुन्हा तो आंबट वास. आफिया म्हणते, "अम्मी, कसलाच वास नाहीये." ओटा दोनदा पुसला, तरी होता.

१६ मार्च, रविवार
लिहून टाकते. कुणी वाचणार नाही, मग भ्यायचं कुणाला?

मी नऊ वर्षांची. माझा पहिला रोजा. संध्याकाळी घरी मोठा समारंभ होणार होता—नवा शरारा, मोगऱ्याचे हार, मुंबईहून मामू आलेले. दुपारी भूक अशी लागली की चाचांच्या आंब्याच्या बागेत जाऊन बसले. मैना तिथेच राहायची. तिचा बाप बागेची राखण करायचा, झोपडी बागेतच. कातकऱ्यांची आमच्या वर्गातली एकटी पोर, आणि पाढे सगळ्यांच्या आधी पाठ. ती झाडावरचं पानांचं घरटं फोडून तांबडे मुंगळे खात होती. मागची बाजू चावायची, डोकं फेकायचं. आवळ्यासारखं आंबट लागतं म्हणाली.

मी मागितले. ती म्हणाली, "नगं गो, तुजा उपास हाय." मी परत मागितले. मला वाटलं, मुंगळ्याएवढ्या जिवानं रोजा थोडाच मोडतो! चार खाल्ले. पाचवा ओठाला डसला.

संध्याकाळी गळ्यात हार, आणि ओठ हा एवढा सुजलेला. फुफीनं सगळ्यांसमोर हनुवटी धरून विचारलं, "काय खाल्लंस?" वीस-पंचवीस माणसं बघत होती. मी म्हणाले, "मैनानं तोंडात कोंबलं."

बस. एवढंच. मला सगळ्यांनी जवळ घेतलं, खजूर भरवला, जबरदस्तीनं मोडलेल्या रोजाचं पाप नाही म्हणाले. चाचा त्याच पावली बागेत गेले. सकाळी झोपडी रिकामी. मैना शाळेत परत आली नाही. माझं नाव मात्र गावभर झालं—बिचारी पोर!

पस्तीस वर्षं झाली. आता त्याच मुंगळ्यांवर मी विनोद करते. लाज कशी वाटत नाही, बिल्किस?

१९ मार्च
बुद्धरत्न सर आमच्या शाळेत येण्याआधी पोलादपूरकडे कातकऱ्यांच्या वाडीवरच्या शाळेत होते. सहज विचारल्यासारखं विचारलं, आमच्या गावाकडून गेलेली कुणी मैना तिथे आहे का. म्हणाले, "मैना? आहे की. कशेडीच्या पायथ्याला, वाडीवर. तुमच्याच वयाची. का हो?"
"पुस्तकासाठी," म्हटलं. आणखी एक खोटं.

२२ मार्च
पोलादपूरपर्यंत एसटीनं गेले. स्टँडवर अर्धा तास बसले. परत आले.

२९ मार्च, शनिवार
आज गेले. सकाळची शाळा सुटल्यावर तडक. पोलादपूरहून रिक्षा, मग डांबरी संपल्यावर पायी.

मैना अंगणात शेणी थापत होती. केस पांढरे, दात दोन गेलेले. मी नाव सांगितलं. ती उठून उभी राहिली आणि चार पावलं मागं सरकली! "लांबच बस गो. रोजा असंल तुजा. मी काय देनार नाय तुला, पानीबी नाय."

मी वाक्यं पाठ करून गेले होते. मैना, तू कोंबलं नव्हतंस. मी मागितले होते. मी खोटं बोलले. तीन वाक्यं! रिक्षात दहादा म्हटली होती.

पण तीच आधी बोलायला लागली. "आई मरंस्तवर सांगायची, तू त्या पोरीच्या तोंडात कोंबलंस म्हनून आपलं घर गेलं. बापानं लई मारलं. मला तर अजून वाटतं, तूच मागितलंस. पन मग म्हनलं, तुमी शिकलेली मान्सं, खोटं कशाला बोलशीला? माझंच ध्यान बराबर नसंल. म्हनून माझ्या दोनी पोरींना साळंत नाय घातलं. म्हनलं, यांच्या हातनं कुनाचं काय बाटाया नको."

मग तिनं हात धुतले. जोडले. "मला माफ कर गो, बिल्की."

मी काय म्हणाले ते आज लिहवत नाही.

३० मार्च
पाडवा. चारुलताताईंचा शुभेच्छांचा मेसेज, खाली ओळ—"अर्पणपत्रिका अजून आली नाही!"

३१ मार्च, ईद
"केलं माफ," म्हणाले मी. आणि म्हणताना मला बरं वाटलं.