चावी आत, लिंबू हातात

अंबड, नाशिक
(कंपनीच्या गेटवरची केबिन, पंख्याखाली. पंखा बंद आहे.)

ती. कोंडाजीमामा आणि सौ. प्रतिभामामी यांना ज्ञानेशचा वाकून नमस्कार, म्हणजे वॉचमनच्या स्टुलावर बसून जेवढं वाकता येतं तेवढा.

मामा, तुमचा गुडघा कसा आहे? मामींची शुगर काय म्हणते? चाळीतल्या कांद्याला वास सुटायला लागला होता, तो थांबला का? काळी गाय आज-उद्यात होती, ती व्यायली असेल तर वासराला माझा आशीर्वाद. इकडे मी बरा आहे. तुमची नवी गाडीपण बरी आहे. तिला एक ओरखडा नाही आणि येईल असं वाटतही नाही, कारण सध्या तिच्यात कोणालाच शिरता येत नाहीये. मलापण.

आता घाबरून लगेच खुर्चीतून उठू नका (गुडघा). गाडी माझ्या समोर, गेटच्या बरोबर मधोमध उभी आहे. इंजिन चालू आहे. एसी चालू आहे. आत मस्त गार असणार. चावी आत आहे, माझी सर्टिफिकेटची फाइल आत आहे, माझा फोन आत आहे आणि लिंबू माझ्या हातात आहे.

तुम्ही म्हणाल, हा शिकलेला पोरगा फोन करायचा सोडून पत्र काय लिहीत बसलाय. तर ऐका. इथे गेटवर लताबाई म्हणून सिक्युरिटीला आहेत, त्यांनी आपणहून त्यांचा फोन दिला. मी तो हातात घेतला आणि मला कळलं की मला जगातला एकच नंबर पाठ आहे, माझा स्वतःचा. तो लावला. गाडीच्या आत लाइट लागला, वाजलं, आम्ही दोघांनी काचेतून बघितलं. लताबाई म्हणाल्या, “उचलत नाहीये.” मग कंपनीचे मालक शामसुंदरशेठ आले (ज्यांच्याकडे तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलाय तेच), त्यांच्याकडे तुमचा नंबर होता. त्यांनी मोठ्या विश्वासाने लावला. तर गाडीत दुसरा फोन वाजायला लागला. मामा, तुम्ही सकाळपासून फोन शोधत असाल तर गादीखाली बघू नका. तो काल तुम्ही गाडीत चार्जिंगला लावलेला, तिथेच आहे, आणि त्याचं चार्जिंग मस्त चाललंय. मामींचा नंबर, आईचा नंबर, सगळे ह्या दोन फोनच्या पोटात. म्हणून पत्र. लताबाईंची ड्यूटी सुटली की त्या स्टँडवर जाणार, सटाण्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे हे देणार, तो देवळ्याला कँटीनवर टाकणार, आणि कँटीनवाला तुम्हाला ओळखतो (तुम्ही त्याच्याशी चहाच्या चवीवरून भांडता म्हणून). मामींच्या कपाटात दुसरी चावी आहे. ती येणाऱ्या पहिल्या गाडीने पाठवावी, एवढीच विनंती. आईला सांगू नका. ती तुमची बहीण असली तरी आधी माझी आई आहे.

आता हे झालं कसं, ते सांगतो. दोष मला कोणाला द्यायचा नाहीये, पण सुरुवात मामींपासून होते. निघताना मामींनी मला लिंबू दिलं आणि सांगितलं, नव्या कामाच्या दारात गाडी थांबव, लिंबू पुढच्या चाकाखाली ठेव, त्याच्यावरून गाडी घे आणि मगच आत जा. आणि गाडी बंद करू नको, बंद करून परत चालू केली तर लिंबाचा गुण जातो. (हा नियम मी आधी कधी ऐकला नव्हता, पण मामींशी वाद घालून आजपर्यंत घरात कोण जिंकलंय.) मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. गेटसमोर थांबलो, गाडी चालू ठेवली, लिंबू घेऊन उतरलो. मागून कंपनीचा टेम्पो आला, हॉर्नवर हॉर्न, त्याला जागा द्यायला मी दार लावलं. आणि ठक. चारही दारांतून एकदम आवाज आला, जसं घरातल्या चार जणांनी एकदम ठरवावं की ह्याला आता आत घ्यायचं नाही.

मामा, तुम्ही गाडीला मॅटिंग आणि सीट कव्हर करून घेतलं तेव्हा त्या दुकानदाराने फुकटात एक ऑटोलॉकचं किट बसवून दिलं होतं, आठवतंय? तुम्ही म्हणाला होता, “फुकट हाय तर लावून घेऊ, लय भारी चीज हाय.” तर ती भारी चीज अशी आहे की इंजिन चालू असताना सगळी दारं बंद झाली की ती आपोआप कुलूप लावते. आत कोण आहे, बाहेर कोण आहे, असल्या भानगडीत ती पडत नाही.

आणि आता खरी गंमत (तुमच्यासाठी, माझ्यासाठी नाही). शामसुंदरशेठ गाडीभोवती एक चक्कर मारून काचेवरच्या स्टिकरपाशी थांबले. चष्मा वर केला, खाली केला. मग गेटवरच्या बोर्डाकडे बघितलं. मीपण बघितलं. स्टिकरवर जे नाव तेच बोर्डावर. मामा, ते किट ह्याच कंपनीत तयार होतं. मी ज्या कारखान्यात नोकरी मागायला आलोय, त्याच कारखान्याच्या दारात, त्याच कारखान्याच्या मालाने मला बाहेर काढलंय. मी हे कथेत लिहिलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की काहीपण काय लिहितो.

तसं तुम्ही नेहमीच म्हणता. मागच्या दिवाळीत मी तुम्हाला माझ्या कादंबरीची तीस पानं वाचून दाखवली, जिच्यात एकही पूर्णविराम नाही, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, “पुढं काय व्हतं?” मी म्हणालो, काही होत नाही. तुम्ही म्हणालात, “मग लिहितो कशाला?” ह्या प्रश्नावर मी सहा महिने झोपलो नाही (दुपारचा). आणि त्यानंतरच तुम्ही ठरवलंत ना, की ही नोकरी शेवटची, इथे जमलं नाही तर ज्ञानाने देवळ्याला यायचं आणि खताच्या दुकानात बसायचं. मामा, मला खताच्या दुकानाबद्दल आदर आहे. पण मी एका जागी बसलो की माझे पाय आपोआप हलायला लागतात. आत्ता हे लिहितानापण हलतायत. लताबाईंनी दोनदा विचारलं, बाथरूमला जायचंय का.

तर शेठ. मी विचारलं, आता उघडायचं कसं? ते म्हणाले, “सोपंय. इंजिन बंद झालं की आपोआप उघडतं. आपल्या मालाची खासियतच ती आहे.” मी विचारलं, इंजिन बंद कसं करायचं? ते म्हणाले, “आत जाऊन.” मग आम्ही दोघांनी काचेतून चावीकडे बघितलं. आतून कंपनीतली माणसं बघायला आली. ज्यांनी हे किट स्वतःच्या हाताने बनवलंय अशी दहा-बारा माणसं, पण प्रत्येक जण एकच काम करतो. एकाने सांगितलं मी फक्त वायरी कापतो, दुसरा म्हणाला मी फक्त डब्यात भरतो, तिसरा फक्त स्टिकर लावतो, आणि तो स्टिकर सरळ लागलाय ह्याचं त्याला मनापासून समाधान वाटलं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याने काचेच्या फटीतून स्टीलची पट्टी घातली, कान लावला, डॉक्टरसारखा चेहरा केला आणि पट्टी काढून घेतली. म्हणाला, “जुन्या गाड्या ऐकायच्या. ही शिकलेली आहे, ही ऐकणार नाही.” मग त्याने बारीक आवाजात काच फोडायचं सुचवलं. मी गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. (मामा, तुम्ही सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. मी काच कशी फोडू देईन.) पेट्रोल संपेपर्यंत थांबा, असंही कोणीतरी म्हणालं, पण तुम्हीच सकाळी सांगितलं होतं ना, पेट्रोलचा विचारच करू नको, म्हणून मी म्हणालो, टाकी भरलेली आहे, संध्याकाळ होईल.

ऊन वाढलं तशी शेठनी छत्री मागवली आणि स्वतः माझ्या डोक्यावर धरली. मला हे फार जड गेलं. माणूस खुर्चीत बसून टेबलापलीकडून प्रश्न विचारतो तेव्हा त्याला नाही म्हणणं सोपं असतं. छत्री धरणाऱ्याला कसं म्हणणार? आणि तिथेच, उन्हात, माझा इंटरव्ह्यू झाला. फाइल पुढच्या सीटवर उघडी पडली होती. शेठ काचेला नाक लावून मार्कशीट वाचायला लागले. “दुसऱ्या वर्षाला गणितात काय झालं होतं?” मी म्हणालो, उजेड चमकतोय, तसं दिसत असेल. ते म्हणाले, “नाही, नापासच दिसतंय.” पान उलटता येत नव्हतं म्हणून तिसरं वर्ष वाचायचं राहिलं. (तिसऱ्या वर्षाला बरं आहे, पण ते त्याच्याखाली होतं.)

मग त्यांनी विचारलं, तुला येतं काय? मी खरं सांगितलं, मी लिहितो. ते आत गेले आणि त्यांच्या किटसोबत येतं ते माहितीपत्रक घेऊन आले. मामा, तुमच्या गाडीच्या कप्प्यातपण आहे ते, तुम्ही उघडलं नसणार. मराठीत आहे म्हणजे अक्षरं मराठी आहेत. पहिलं वाक्य आहे, “दरवाजा स्वतःला कुलूप करेल, कृपया आनंदी राहा.” पुढे आहे, “चालक बाहेर असल्यास आत येण्याची कृपा करावी.” शेठ म्हणाले, हे कोणी वाचत नाही, वाचलं तर कोणाला कळत नाही, रोज कोणी ना कोणी फोन करून शिव्या घालतो. तू हे लिहिशील का? रोज इथे बसायचं, सगळ्या मालाची पत्रकं लिहायची, साध्या मराठीत.

मी केबिनमध्ये बसून एक वाक्य लिहून दाखवलं. दीड पानाचं झालं. त्यात दार होतं, आतलं आणि बाहेरचं असणं होतं, मी लहानपणी तुमच्या कांद्याच्या चाळीत कोंडला गेलो होतो ते होतं. शेठनी शेवटपर्यंत वाचलं (हे मानायला पाहिजे) आणि विचारलं, “ह्यात चावी कुठंय?” मी म्हणालो, चावी अध्याहृत आहे. ते म्हणाले, “तीच तर अडचण झालीय आज.”

तर मामा, मी विचार करून सांगतो म्हटलंय, पण माझा विचार झालाय. हे माझं काम नाही. मी वाक्यं मोकळी सोडणारा माणूस, मी कुलपाची पत्रकं लिहून आयुष्य काढू का? कृपया रागावू नका. चावी लवकर पाठवा. मामींना सांगा, लिंबू ताजंच आहे.

तुमचा भाचा,
ज्ञानेश

ता. क. १. पत्र बंद करत होतो तेवढ्यात गाडीला दोन आचके आले, इंजिन बंद पडलं आणि ठक, चारही दारं आपोआप उघडली. पेट्रोल संपलं. मामा, “पेट्रोलचा विचारच करू नको” ह्याचा अर्थ मला आता कळला. लोक टाळ्या वाजवत होते, शेठ सगळ्यांना सांगत होते, बघा, इंजिन बंद झालं की उघडतं, आपल्या मालाची खासियत. तेव्हा चावी पाठवू नका. फोन दोन्ही वाजून वाजून मेले होते, आणि तुमचा तो चार्जर चार्जिंग करतोय असं नुसतं दाखवतो. आता माझ्या चार्जरवर लावलेत. खरी विनंती वेगळीच आहे, ती वर लिहायचा धीर झाला नाही. शामसुंदरशेठना माझा नकार तुम्ही कळवाल का? तुम्ही शब्द टाकलाय, तुम्हीच तो उचला. माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी छत्री धरलीय माझ्यावर.

ता. क. २. कंपनीतल्या एकाने बाटलीत पेट्रोल आणून दिलं, मी पंपावर गेलो आणि तुमच्यावर उपकार म्हणून टाकी फुल्ल करून टाकली, ह्या घराण्यात पहिल्यांदाच. निघणार तर हे पत्र केबिनमध्येच राहिलेलं. परत गेटवर आलो. खिडकीत पत्राशेजारी लिंबू ठेवलेलं दिसलं. देवळ्याला पोहोचल्यावर मामींचा पहिला प्रश्न काय असणार हे मला माहीत आहे, आणि मामींशी मला खोटं बोलता येत नाही. म्हणून गाडी चालू ठेवून उतरलो (लिंबाचा गुण). लिंबू उचललं. मागून तोच टेम्पो आला, तोच हॉर्न. मी दार लावलं.

चावी पाठवा. दोन्ही फोन परत आत आहेत. टाकी भरलेली आहे.

ता. क. ३. लताबाई निघाल्यायत, घाईत लिहितो. शेठनी काही विचारलं नाही, नुसतं एक टेबल केबिनमध्ये लावून दिलं आणि कोरे कागद ठेवले. मी वेळ जावा म्हणून बसलो. मामा, एक वाक्य दहा वेळा लिहून खोडलं. तहान लागलेली कळली नाही. लताबाई म्हणतात, पाय हलायचे थांबलेत.

शेठना नकार कळवू नका. चावीची घाई नाही, उद्याच्या गाडीने आली तरी चालेल. टाकीचं सांगितलंच आहे.

वाक्य शेवटी असं झालंय, दोन झालीत, आणि दोन्हीकडे पूर्णविराम दिलाय, मामींना आधी वाचून दाखवा: गाडीतून उतरताना चावी हातात घ्या. लिंबू नंतर.