ताई, तुमच्या बरण्या पोचल्या

मिंदेलूचा उपसागर, केप व्हर्दे बेटं
बुधवार, दुपार

आदरणीय मारिव्हॉनताईंच्या दोन्ही गालांवर मिळून, आपल्या ब्रेतान्यातल्या रीतीप्रमाणे, चार पापे पोचावेत. (चौथा तुमच्या बहिणीच्या, स्वाझिगच्या वतीने समजावा. तिचे हात कणकेत आहेत.)

तुमचा खोकला थांबला असेल, कोंबड्या अंडी देत असतील आणि गाय पुन्हा पाद्रीबाबांच्या बागेत शिरली नसेल, अशी आशा करतो. परसातल्या त्या दुसऱ्या मंडळींचंही, म्हणजे ज्यांना लांब कान असतात आणि जी फार भराभर वाढतात, कुशल चिंतितो. पण त्यांचं नाव लिहिणार नाही, कारण मी बोटीवर बसून लिहितो आहे. तुम्ही पडलात शेतातल्या, तुम्हाला ठाऊक नसणार. फ्रेंच बोटीवर त्या जनावराचं नाव काढायचं नसतं, आणि ते जनावर बोटीवर आणायचं तर मुळीच नसतं. (पूर्वी खाण्यासाठी ती जिवंत नेत असत. ती दोरखंड कुरतडत, आणि मग बोट, माणसं आणि जनावरं सगळीच एका गावाला जात.) तुम्ही निघताना प्रेमाने ज्या बरण्या दिल्यात, त्यांच्याबद्दल आभार मानण्याआधी एवढं सांगणं भाग आहे.

आम्हाला निरोप देताना गावात बँड वाजला, महापौरांनी तिरंगी पट्टा घालून भाषण केलं आणि कॅफेच्या भिंतीवर नकाशा लावून आमच्या बोटीच्या नावाची टाचणी टोचली. ती टाचणी एव्हाना महासागर ओलांडून मार्तिनिकला पोचायला हवी होती, हे मला कुणी सांगायला नको. पण नांगर टाकून बसलेल्या बोटीवरचा संसार काय असतो ते तुम्हाला घरबसल्या कळायचं नाही. बोट दिवसभर डुलते. एका हाताने रश्शाची वाटी धरावी तर दुसऱ्याने स्वतःला धरावं लागतं, आणि चमच्यासाठी हातच उरत नाही. वाळवंटातून उडून आलेली तांबडी धूळ शिडांवर, कपड्यांवर आणि लोण्यावर बसते. प्रवासासाठी म्हणून केळ्यांचा अख्खा घड मागच्या बाजूला टांगला होता. तो आमच्या निघण्याची वाट न बघता एका दिवसात पिकला. तेव्हापासून आम्ही सकाळी केळी खातो, दुपारी तळलेली केळी खातो आणि संध्याकाळी केळ्यांचा विषय टाळतो.

तर झालं असं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळी तयारी झाली होती. स्वाझिगने तुमची एक बरणी काढली. तिच्यावर तुमच्या अक्षरात ‘पावाला लावून खा’ एवढंच. मी पावाला लावून खाल्लं. पाव संपला तेव्हा नुसतंच खाल्लं. मग बरणी बोटाने पुसत म्हणालो, “तुझ्या बहिणीच्या हाताला काय चव आहे गं. डुक्कर असावं तर असं.” त्यावर स्वाझिग शांतपणे म्हणाली, “डुक्कर कुठलं? ताईच्या परसातलं आहे. ते लांब कानवालं.”

ताई, मी मिठाई ओव्हनमधून काढण्यात जन्म घालवलेला माणूस, सहसा घाबरत नाही. पण त्या वेळी मी चपला घालायलाही थांबलो नाही. तसाच छोट्या होडीत बसून शेजारच्या बोटीवरच्या दंतेककडे गेलो. (हा म्हातारा चालायच्या आधी पोहायला शिकला म्हणतात, आणि बोटीवरच्या शकुन-अपशकुनांत त्याचा शब्द शेवटचा.)

“किती खाल्लंस?” त्याने विचारलं.

“बरणी.”

“लहान का मोठी?”

“मोठी.”

त्याने टोपी काढून हातात घेतली. मयताला काढतात तशी. “मग आता तूच बरणी,” तो म्हणाला. “पोटातलं जनावर जमिनीवर उतरवल्याशिवाय नांगराला हात लावू नकोस. आणि माझ्या बोटीला धरून उभा राहू नकोस, लांब हो.”

निवाडा सोपा होता, अंमलबजावणी नव्हती. मी किनाऱ्यावर दोना लुर्देसच्या कॅफेच्या माडीवर मुक्काम ठोकला, आणि माझ्या पोटाने नेमका तेव्हाच संप पुकारला. दोना लुर्देस भलत्या मायाळू बाई. त्यांनी मका आणि घेवड्याचा कचूपा वाढून वाढून अखेर प्रश्न तडीस नेला आणि ती बातमी धक्क्यावर सगळ्यांना सांगितली. मला होडीत बसवायला पाच-सहा जण आले, त्यातल्या दोघांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं.

उरल्या तुमच्या बाकीच्या बरण्या. समुद्रात टाकाव्यात तर त्या आमच्याच बोटीखाली जाऊन बसणार. म्हणून मी त्या पलीकडच्या बोटीवरच्या डेस्मंड नावाच्या इंग्रजाला भेट दिल्या (इंग्रजांना खाण्याच्या बाबतीत कसलाच विधिनिषेध नसतो). आता, इथे रोज सकाळी सगळ्या बोटी एकाच वेळी रेडिओ लावतात. कुणी हवामान सांगतो, कुणी पान्हा मागतो. डेस्मंड पडला सभ्य. त्याने रात्रभर फ्रेंच घोकून सकाळी साऱ्या उपसागराला ऐकू जाईल अशा आवाजात माझे जाहीर आभार मानले. त्या जनावराचं नाव त्याने स्पष्ट उच्चारात घेतलं, नीट उमटलं नसेल म्हणून परत घेतलं, आणि शेवटी पाककृती विचारताना आणखी एकदा घेतलं.

 मग दंतेकचा आवाज आला, “गोल्वेन, हे तुझंच काम.”

उपसागरातल्या यच्चयावत फ्रेंच बोटींनी त्या दिवशीचं निघणं रद्द केलं. एका बाईने बोटीभोवती मीठ टाकलं, जणू समुद्रात मिठाची टंचाई होती. डेस्मंड बिचारा होडी वल्हवत प्रत्येकाची माफी मागत फिरला, आणि कशाबद्दल माफी ते सांगताना पुन्हा तेच नाव घेत गेला.

दुसरे दिवशी शुक्रवार, आणि शुक्रवारी कुणी शहाणा निघत नाही. शनिवारी दंतेक आणि बाकीचे गेले, पण माझ्या सुकाणूचा एक खिळा मला सैल वाटला. रविवारी चर्चमध्ये मिस्सा. सोमवारी वारा जास्त होता, काल कमी होता. आज वारा अगदी हवा तसा आहे, म्हणूनच मला त्याचा संशय येतो. स्वाझिगला कधी एकदा निघते असं झालं आहे. तोंडाने बोलत नाही, पण भांडी फार आवाज करून घासते. माझं म्हणाल तर मी केव्हाही तयार आहे.

सगळ्यांना आठवण सांगावी. टाचणीला कुणी हात लावू नये.

आपला,
गोल्वेन

ता. क. बरण्या पुन्हा पाठवू नयेत. चव मात्र अजून जिभेवर आहे.

आणखी एक ता. क. ताई, खरं सांगतो, मला भीती वाटते. इथून पुढे किती दिवस जमीनच नाही हो. पण ज्यांनी बँड वाजवला त्यांच्यासमोर जाऊन हे कुठल्या तोंडाने सांगू? तेव्हा एवढी कृपा करा. दोना लुर्देसच्या कॅफेवर फोन करून स्वाझिगला सांगा की तुम्हाला पित्ताशयात खडा झाला आहे (न होवो), आणि तिने ताबडतोब यावं. बायकोच्या बहिणीच्या आजारपणासाठी परतलेल्या माणसाला कुणी भित्रा म्हणत नाही. दोना लुर्देसचा भाचा उद्या विमानाने पॅरिसला जातो आहे, पत्र त्याच्या हाती देतो. स्वाझिगला यातलं अक्षर कळता कामा नये.

शेवटचा ता. क., वेगळ्या अक्षरातला. मारिव्हॉन, इथल्या दमट हवेत पाकिटाचा डिंक धरत नाही; आणि धरला असता तरी मी वाफ दिली असती. बरणीत ससा आहे हे तू दिलीस तेव्हाच मला वासावरून कळलं होतं. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती मी मुद्दाम काढली, निघणं टळावं म्हणून. हा गाणं गुणगुणत शिडं तपासत होता, आणि मला वाटलं, घाबरलेली मी एकटीच. सांगायची लाज वाटली गं. आत्ता हे वाचून आधी हसले, मग चांगली रडले, आणि आता इतकं हलकं वाटतंय की काय सांगू. तो पाणी भरायला किनाऱ्यावर गेलाय. आला की सगळं सांगणार आहे. घाबरायचंच तर दोघं मिळून घाबरू, आणि शनिवारी सकाळी नांगर उचलू. तुला काहीही झालेलं नाही, तेव्हा फोन करू नकोस. करणारच असलीस, तर शुक्रवार संध्याकाळच्या आत कर.