खाण, पावले आणि माझा धुण्याचा दगड

मी, खाली सही करणारी, खाणमालकाची एकुलती वारस, मुकादमाची विधवा, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र राहत्या घरी पुढच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसा दाखला दिला आहे. चिरंजीवांना शंका असल्यास त्यांनी डॉक्टरांना विचारावे, गल्लीभर विचारत फिरू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आणून पाहिला गेला, ते पुढे येईलच.

१. राहते घर परसासह चिरंजीवांना द्यावे. परसातला धुण्याचा दगड मात्र घरासोबत जात नाही. तो घराचा भाग नाही, माझा आहे. त्याची व्यवस्था शेवटच्या कलमात केली आहे.

२. बँकेतली शिल्लक सूनबाईंना, एकटीच्या नावावर. शिवणयंत्र धाकट्या बहिणीला. पहिल्यापासून तिचा त्यावर डोळा आहे. माझी टीप सरळ येते ती यंत्रामुळे, असे ती चारचौघांत सांगत असे. आता यंत्र तिच्याकडे असेल. तिने सरळ टीप मारून दाखवावी.

३. खाण. ही मला वडिलांकडून आली. दगड काढणे कधीच बंद झाले आहे. उत्तरेच्या कड्याखाली खाणीच्या तळावर कुठल्याशा पुरातन प्राण्याची पावले उमटलेली आहेत. तिथे एके काळी ओली वाळू होती, तिचा दगड झाला. पाण्याने काढलेल्या रेघासुद्धा जशाच्या तशा आहेत. पावले प्रथम दिसली ती आमच्या यजमानांना. त्या दिवसापासून त्यांनी त्या बाजूला सुरुंग लावू दिला नाही. वडील खवळले होते. "जावई, तुम्हाला दगड काढायला ठेवलंय की राखायला?" यजमान खाली मान घालून ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कुंचा घेऊन तिथेच बसत.

चिरंजीवांच्या मते खाण राडारोड्याने भरून वर प्लॉट पाडावेत. ठेकेदाराला घेऊन ते माझ्या खाटेपाशी आले होते. म्हणाले, "आई, तो खड्डा आहे गं. खड्ड्यात कसला जीव गुंतवतेस?"

माझा जीव गुंतलेला नाही. मी त्या खाणीचा जन्मभर दुस्वास केला आणि आजही करते. सुट्टीचा दिवस तिचा, बरे नसले तरी त्यांचे पाय तिकडेच वळणार. त्या दगडावरून ते कुंचा इतक्या हळू फिरवत की तेवढ्या मायेने त्यांनी माझ्या कपाळावर कधी हात ठेवला नाही. सवत होती ती माझी. पण तिला पुरायचा अधिकार मी पोटच्या पोरालाही देणार नाही. यजमानांचा सगळा जन्म तिच्यात आहे, आणि त्यात माझाही गेला.

म्हणून खाण, या पावलांचा अभ्यास करायला येणाऱ्या संशोधक बाईंच्या संस्थेला द्यावी. अटी अशा: ती भरू नये, फोडू नये. पाणी तुंबू नये म्हणून कडेचा चर उपसत राहावे. एकही पाऊल कापून संग्रहालयात नेऊ नये. ज्याला पाहायचे असेल त्याने खाली उतरावे. आणि रंग लावू नये. चिरंजीवांनी एकदा, पाहुण्यांना नीट दिसावीत म्हणून, पावलांभोवती पांढरा ऑइलपेंट फिरवला होता. तो खरवडताना काही पावलांच्या कडा गेल्या. यजमान त्यांना एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर पोराचे मन मोकळे झाले असते. त्यालाही खाणीचा राग आहे तो तेव्हापासून. माझाच मुलगा तो.

४. संशोधक बाईंविषयी. त्या दर वर्षी येत. त्या येणार म्हटले की यजमान दाढी करत आणि निळ्या रेघांचा शर्ट माझ्याकडून इस्त्री करून घेत. घरात "हं" आणि "बरं" यापलीकडे न बोलणारा माणूस त्यांच्याशी अंधार पडेपर्यंत बोलत असे. माझ्याबरोबर बाजारात यायचे तर यांचे पाय दुखत. वेडेवाकडे काही नव्हते, हे मला पक्के माहीत होते. असते तर भांडता तरी आले असते. दोघे गुडघे टेकून जमिनीकडे बघत बसत, त्यावर बायको भांडणार काय?

५. धुण्याचा दगड. आमचे नवे लग्न झाले तेव्हा, पावलांचा कोणाला पत्ता नसताना, यजमानांनी खाणीच्या तळातून ही फरशी माझ्यासाठी कापून आणली. अंगावर रेघा आहेत, कपडा चांगला घासला जातो, आणि एका कोपऱ्यात साबण ठेवायला आयती खळगी आहे. त्यांनी मला दिलेली ही एकच वस्तू.

पुढे पावले सापडली, बाईंनी त्यांचा नकाशा काढला, तेव्हा मधले एक पाऊल कमी पडले. बाई आमच्या पुढच्या खोलीत नकाशा पसरून बसल्या होत्या. मी चहा घेऊन आले तेव्हा त्या विचारत होत्या, "मुकादम, एवढाच तुकडा कुठे गेला असेल हो?"

"गेला असेल कुणाच्या तरी बांधकामात," हे म्हणाले. दगड मागे परसात होता. त्यावर माझे धुणे भिजत पडले होते.

बाई गेल्यावर मी विचारले, "अहो, खोटं का बोललात?"

"तो तुला दिलाय."

"त्यांनी मागितला असता तर?"

"म्हणून तर नाही सांगितलं," म्हणाले, आणि कुंचा उचलून खाणीकडे गेले.

त्यानंतर मी त्या दगडाला कोणाला हात लावू दिला नाही. सूनबाईंनाही नाही. पण सूनबाई कपडे मशीनमध्ये टाकतात. माझ्यामागे तो परसात नुसता पडून राहील, नाहीतर ठेकेदाराच्या ट्रकमध्ये जाईल. तो प्राणीही बिचारा माझ्या संसारापायी एक पाय उचलून ताटकळला आहे. तेव्हा दगड संशोधक बाईंना द्यावा आणि त्यांनी तो त्याच्या जागी बसवावा.

अट एकच. नेण्याआधी बाईंनी त्या दगडावर निळ्या रेघांचा शर्ट स्वतःच्या हाताने धुवावा, साबण त्या पावलात ठेवून. त्यांचेही गुडघे आता धरतात, बसायला स्टूल द्यावे. शर्ट माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. यजमान शेवटचे खाणीतून आले तेव्हा त्यांच्या अंगावर तोच होता. बाह्यांवर अजून तिथली धूळ आहे. अख्ख्या घराचे धुणे मी त्या दगडावर काढले, एवढा एक शर्ट मला धुववला नाही.

वाळल्यावर घडी करून तो माझ्या कपड्यांत परत ठेवावा. दगड बाईंनी न्यावा. शर्ट देऊ नये.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. डॉक्टरांनी पाचवे कलम पुन्हा वाचायला लावले.

लिहून ठेवणार : सही
साक्षीदार : १. शेजारचे डॉक्टर, सही
२. कोपऱ्यावरचे घड्याळदुरुस्तीवाले, सही
ठिकाण : राहते घर, पुढची खोली
तारीख : डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तीच