दोरीवरचा कागद

सोम., १७ नोव्हें.
परवाच गावची मंडई झाली, दिवाळीनंतरची जत्रा नि रात्रभर नाटक, अर्धी पोरं अजून पेंगत होती. तिसरीच्या वह्या तपासायला घरी आणल्या. रितिकाचं अक्षर पाहून नेहमीसारखं बरं वाटलं. मग पानं उलटत गेले. जूनपासूनची वही, त्यात तिचं स्वतःचं एक वाक्य नाही. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. तारीख, सुविचार, पटसंख्या. एवढंच काय, फळ्याच्या कोपऱ्यात मी लिहिलेलं 'पुसू नये' हेसुद्धा वळणदार अक्षरात! आणि खाली माझी सही, 'छान'. बावीस वर्षं नोकरी झाली बाई तुझी.

मंगळ., १८
आज फळा कोरा ठेवला. म्हटलं, मंडईत काय पाहिलं ते लिहा. अकरा पोरं, अकराही जण फळ्याकडे बघत बसली.
"का लिवू जी मॅडम?"
"पाहिलं ते."
"मंग तुमी फळ्यावर लिवून द्या ना!"
आधी हसले. मग हसू आलं नाही.
खिडकीपासून कपाटापर्यंत सुतळी बांधली. नियम सांगितला: जे लिहाल ते चिमट्याने इथं लागणार. लाल पेन नाही. काहीही लिहा, लागणारच. हर्षलने लिहिलं, 'पाळन्यात बसलो अन मले उलटी झाली.' लावलं. दिवसभर तो नवरदेवासारखा फिरला.
रितिका: तारीख घातली. खाली कोरं.

शुक्र., २१
दोरी भरत आली. रितिकाचे चार दिवसांत चार कोरे कागद. रागावायचं नाही ठरवलंय, पण जीभ शिवशिवते. शाळा सुटली तरी ती थांबलेली असते. तिची आई सुनंदा शाळेची खिचडी शिजवते, भांडी घासून झाली की दोघी मिळून घरी जातात. तेवढ्या वेळात बाकावर बोटाने काहीतरी गिरवत असते. काय, ते विचारलं तर हात मागे.

सोम., २४
लिहिलं!!
सुटीनंतर टेबलावर ठेवून पळाली. जसंच्या तसं:
'मॅडम मोबाईल पाहून राहिली. मी बोट वर केली. मॅडमनं पाह्यलं नाई. मी बोट खाली केली.'
चार वाक्यं. तिची. कुठूनही न उतरवलेली.
मी इकडेतिकडे पाहिलं आणि कागद पर्समध्ये टाकला.

त्याच दिवशी, घरी
स्वतःशी वाद घालून झाला. पोषण आहाराची माहिती मोबाईलवरच भरावी लागते, वर्गात भरली नाही तर कधी भरू? खरं आहे. पण आज माहिती भरत नव्हते. लेकीने गोंदियाहून नातवाचा व्हिडिओ पाठवला होता, तो दोनदा पाहिला. पोरीचं बोट तेव्हाच वर असणार. लाज वाटली.

मंगळ., २५
ती वर्गात आली ती सरळ दोरीकडे. एकेक कागद पाहत गेली, शेवटपर्यंत. मग जागेवर बसली. काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.
कागद मुख्याध्यापक बिसेन सरांना दाखवला. शाळेत आम्ही दोघंच, दाखवणार कोणाला? वाचून हसले. "गुरुवारी केंद्रप्रमुख तपासणीला येऊन राहिले मॅडम. ठेवा पर्समध्येच. पोट्टी काय, विसरून जाते."
मलाही तेच ऐकायचं होतं.

गुरु., २७
भेट झाली. साहेबांनी दोरी पाहिली, फोटो काढले. "उपक्रम चांगला आहे." मग वह्या मागितल्या. रितिकाची हातात घेतली आणि सगळ्या वर्गाला दाखवली. "अक्षर पाहा! याला म्हणतात लेखन!"
टाळ्या. तिने मान वर केली नाही. मी पण टाळ्या वाजवल्या.

शुक्र., २८
फळा पुन्हा कोरा. रितिकाने दप्तरातून मराठीचं पुस्तक काढलं आणि धडा उतरवायला लागली. एक ओळ, दुसरी, न थांबता.
दुपारी सुनंदा दारात आली. ओले हात पदराला पुसत.
"मॅडम, पोरीनं तुमच्याबद्दल का लिवलं जी?"
"तुला कोणी सांगितलं?"
"थेच म्हणे, माहा कागद नाई लावला, मॅडमले राग आला. लहान हाय जी ते. मले कामावरून नोका काढू. मी सांगितली तिले, फळ्यावरचंच लिवत जा म्हणून."
एवढंच म्हटलं, "नाही ग, काही नाही तसं." काही नाही कसं?

रवि., ३०
तलावाच्या बांधावर फिरून आले. पाणी शांत, मासेवाल्यांचे डोंगे काठाला. डोकं मात्र चालूच. हर्षलची उलटी लावली, माझा मोबाईल नाही. म्हणजे नियम त्यांच्यासाठी. पोरीने पहिल्यांदा पाहिलेलं लिहिलं आणि मी तिला शिकवलं की पाहिलेलं लिहायचं नसतं. कोणत्याही धड्यापेक्षा पक्कं शिकवलं.

सोम., १ डिसें.
तिचा कागद दोरीवर लावला. घड्या पडलेला. शेजारी माझा, मोठ्या अक्षरात: 'रितिकाने खरं लिहिलं. मी घाबरले. कागद लपवला. मोबाईल आता कपाटात. सुनंदाच्या कामाला काही होणार नाही.'
पोरं भोवती जमली, एकेक अक्षर लावून वाचायला लागली. "मॅडम, तुमी बी भेता?" हर्षल. "भिते." सुनंदालाही चुलीवरून बोलावून वाचून दाखवला. ती रितिकाकडे पाहत राहिली. बिसेन सरांनी दारातूनच मान हलवली, काय ते कळलं नाही.
रितिका सर्वांत शेवटी उठली. माझा कागद ओठ हलवत दोनदा वाचला. म्हटलं, "आता लिहिशील?"
"आता कायले?"
तेवढंच. पुस्तक काढून धडा उतरवायला बसली.

सुटल्यावर कुलूप लावायला वर्गात गेले. दोरीवर एक कागद जास्त. नवा. तोंड भिंतीकडे केलेलं, कोपऱ्यात चिमटा. मागून शाईचे ठसे दिसत होते, दोनतीन ओळींचे. लिहिलेलं आहे नक्की. बाहेर मायलेकी भांडी रचत होत्या.
हात चिमट्यापर्यंत गेला. मग खाली घेतला. उलटवायचा असेल तर ती उलटवेल. कुलूप लावलं.